आधी बूट, मग बादली

दसरा झाला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा काचा नीट घासून घ्यायच्यात." दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम वीस दिवस. तेवढ्यात पावसाचे डाग, स्लायडिंगच्या पट्टीत साचलेला चिखल, कबुतरांची घाण, जाळीवरची काजळी, सगळं जायला हवं असतं. मग कोणी ओट्यावर चढतं, कोणी स्टुलावर, कोणी शिडीवर, आणि उंच इमारतींच्या काचांवर कोणी दोरीला लटकतं. त्यांच्या हातात काय द्यायचं याचा विचार आपण करतो. वायपर देतो, जुनी वर्तमानपत्रं देतो, साबणाचं पाणी कालवून देतो. त्यांच्या पायात काय आहे, हे मात्र बघत नाही.

माझी विनंती त्याबद्दल आहे, आणि ती आजची आहे, पाडव्यानंतरची नाही. तुमच्या घरी, सोसायटीत, दुकानात किंवा ऑफिसात काचा पुसायला जो कोणी येणार असेल, त्याच्या पायात त्याच्या मापाचे, ओल्यावर न घसरणारे, टाच बंद असलेले बूट आल्याशिवाय बादलीत पाणी भरू नका. बूट नसतील तर तुम्ही आणून द्या. बोनसमधून कापून नको आणि बोनसच्या ऐवजीही नको. बादली आणि वायपर जसे कामाचं सामान म्हणून तुम्ही आणता, तसेच बूटही आणा.

हे मी का सांगते आहे, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठवडाभर आधी, आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघराची खिडकी पुसत होत्या. आमची खिडकी ओट्याच्या वर आहे. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, चकचकीत. वरची काच हाताला लागेना म्हणून त्या ओट्यावर चढल्या. मी शेजारच्या खोलीत कपाट आवरत होते. काचेवरून ओघळलेलं साबणपाणी ओट्यावर आलं, त्या एक पाऊल सरकल्या आणि खाली आल्या. उंची जेमतेम पावणेतीन फूट. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर आणि त्यापुढे कितीतरी दिवस पिळा मारायची ताकद नाही. त्या चार घरांत काम करायच्या. दोन घरांनी तेवढ्यात दुसरी बाई ठेवली.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पगारही दिला. पण त्या संध्याकाळी त्यांना घरी सोडून आल्यावर मी दाराशी थांबले, कारण त्यांच्या चपला अजून आमच्या दाराबाहेर, भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. सकाळी आल्यावर काढल्या होत्या तशाच. अकरा वर्षं रोज त्या चपला तिथे मी पाहत होते. बाहेरची चप्पल घरात येत नाही, हा आपल्या घरांचा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण त्या नियमाने माझ्या घरातली सगळ्यात ओली, सगळ्यात निसरडी कामं करणारी बाई अकरा वर्षं अनवाणी ठेवली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्लॅस्टर पडल्यावर आलं.

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे. चर्मकारांशी बोलले, बुटांच्या दुकानांत तासन्‌तास उभी राहिले, आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत काचा पुसायला येणाऱ्या पोरांचे बूट हातात घेऊन पालथे करून पाहिले. जे शिकले ते पुढे लिहिते आहे. यात कुठलीही गोष्ट अवघड नाही.

आधी घरातलं काम, कारण धोका तिथे सगळ्यात कमी वाटतो. कोरड्या फरशीवर अनवाणी पाय बऱ्यापैकी धरून राहतो. साबणपाण्यात तोच पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि कातडीला धरायला काही उरत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगच्या पट्टीवर पाय दिला तर तळवा कापतो. काही घरांत बाथरूमची चप्पल दिली जाते, पण तिने फार फरक पडत नाही. मागून मोकळी चप्पल पायाबरोबर उचलली जात नाही. शिडीच्या किंवा स्टुलाच्या पायरीवर ती अर्धी मागे राहते, आणि घासून गुळगुळीत झालेली असेल तर अनवाणी पाय परवडला. कोल्हापुरीचा चामडी तळ ओल्या फरशीवर किती घसरतो, ते पावसाळ्यात रेल्वेच्या जिन्यावरून उतरलेल्या कोणालाही माहीत आहे.

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या उंबरठ्याच्या नियमाला धक्काही लावत नाही. घरातल्या कामासाठी बुटांचा एक वेगळा, कोरा जोड आणा आणि तो कधीच घराबाहेर नेऊ नका. दाराच्या आतल्या कप्प्यात, झाडूच्या शेजारी, त्याची जागा ठरवा. मावशींनी आल्यावर बाहेरची चप्पल बाहेर काढायची, पाय धुवायचे, पुसायचे आणि हा जोड घालायचा. देवघराची खोली सोडून बाकी घरात तो चालतो. आमच्याकडे सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. आता मावशी बूट न घालता ओट्याकडे वळल्या तर त्याच आधी हाक मारतात. आणि ओट्यावर चढणं तर आम्ही बंदच केलं. खाली उभं राहून लांब दांड्याच्या वायपरने जेवढं निघतं तेवढंच काढायचं. वरच्या कोपऱ्यात डाग राहिला तर राहू दे.

आता बूट कसा असावा याकडे वळते.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तळ. दुकानात गेल्यावर बूट आधी उलटा करा. वरचा भाग, रंग, कंपनी नंतर. तळ रबराचा असेल तर अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबतो आणि बोट त्यावरून सहज सरकत नाही. कडक, चकाकणारं प्लॅस्टिकसारखं पीव्हीसी असेल तर ओल्यावर ते भरवशाचं नसतं. तळाला खोबणी हव्यात आणि त्या कडेपर्यंत उघड्या हव्यात, म्हणजे पाय टेकल्यावर खालचं पाणी बाजूला जायला वाट मिळते. खोबणी मध्येच बंद झालेल्या असतील तर पाणी आत अडकतं आणि पाय त्यावर तरंगतो. जुन्या बुटाच्या खोबणी झिजून सपाट झाल्या की तो बूट काचेच्या कामातून बाद समजावा, वरून कितीही नवा दिसत असला तरी.

कामाच्या बुटांसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस 15298. त्याचा दुसरा भाग पोलादी किंवा तत्सम टोपी असलेल्या बुटांचा, जे बोटांवर 200 ज्यूलचा आघात झेलतात. तिसऱ्या भागातले बूट 100 ज्यूलचे. चौथा भाग टोपी नसलेल्या कामाच्या बुटांचा. काच पुसणाऱ्याला बहुधा हा चौथ्या भागातला बूट पुरतो. ठेकेदार ‘सेफ्टी शूज’ म्हणून पोलादी टोपीचे जड काळे बूट आणून देतात आणि पोरं ते अर्ध्या तासात काढून ठेवतात, कारण शिडी चढता-उतरता ते पायाला लोढणं होतात. जड काचेची तावदानं उचलायची असतील तर टोपी हवीच. नुसत्या पुसण्याच्या कामाला हलका, पकड असलेला बूट जास्त उपयोगाचा, कारण तो माणूस दिवसभर पायात ठेवतो.

बुटावर किंवा त्याच्या खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा आणि घसरणीच्या चाचणीची खूण शोधा. इंग्रजी अक्षरांत ‘एसआरए’ लिहिलेलं असेल तर तो बूट सिरॅमिकच्या फरशीवर साबणपाणी ओतून तपासलेला असतो. ‘एसआरबी’ म्हणजे पोलादी पृष्ठभागावर ग्लिसरीन टाकून, आणि ‘एसआरसी’ म्हणजे दोन्ही. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मानकात या खुणा बदलल्या. त्यात साबणपाण्याची चाचणी मुळातच सक्तीची आहे आणि ‘एसआर’ ही खूण ग्लिसरीनच्या वाढीव चाचणीची. साबणपाण्याच्या चाचणीत असते फरशी आणि साबणपाणी, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात, बाल्कनीत, पॅसेजमध्ये जे असतं नेमकं तेच. यांपैकी जी खूण असेल ती दुकानदाराला दाखवायला सांगा. त्याला ती माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. आणि खूण असली तरी घरी एकदा खात्री करून घ्या. बाथरूमच्या फरशीवर साबणाचं थोडं पाणी टाका, बूट घालणाऱ्याने कठडा किंवा दाराची चौकट घट्ट धरावी, शेजारी एक जण उभा राहावा, आणि मग पाय पुढे रेटून पाहावा. सरकला तर बूट परत करा.

दुसरी गोष्ट मापाची, आणि यात आपण सगळ्यात जास्त चुकतो. बूट दुसऱ्यासाठी घेताना "सात नंबर चालेल बहुतेक" असं म्हणून घेतला जातो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा आपलं पाऊल युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. बाजारातले बहुतेक बूट मात्र तिकडच्या मापांच्या पद्धतीवर बेतलेले. त्यामुळे लांबी बसली तरी करंगळी दाबली जाते. दाबलेली करंगळी म्हणजे कुरूप, आणि कुरूप झालेला माणूस वजन एका बाजूला टाकून उभा राहतो. शिडीवर असा माणूस आधीच तिरका असतो.

म्हणून ज्याच्यासाठी बूट घ्यायचे त्याला सोबत न्या. ते जमत नसेल तर जाड कागदावर दोन्ही पाय ठेवून, उभं राहून, पेन्सिल सरळ धरून आकार काढून घ्या. दोन्ही पायांचा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. हे काम संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहिलेले पाय सुजलेले असतात आणि काम त्याच पायांनी करायचं असतं. बूट घातल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच वर-खाली व्हायला नको, आणि बूट चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर तो बूट शिडीवरच्या माणसाला द्यायचा नाही, कारण शिडीची अरुंद पायरी नेमकी तिथेच येते. तिथे तळ कडक नसेल तर तासाभरात पाऊल ठणकायला लागतं.

बायकांच्या मापाबद्दल वेगळं लिहायला हवं. कामाच्या बुटांच्या दुकानात तीन, चार, पाच नंबर मिळवायला मला चार बाजारपेठा फिराव्या लागल्या. दुकानदार सहा नंबर दाखवतो आणि वर सांगतो, "पुढे कापूस भरा." कापूस भरलेला बूट शिडीवर फिरतो. तो घेऊ नका. दुकानदाराला माप मागवायला लावा. दोन-तीन सोसायट्या मिळून मागणी नोंदवली तर मागवतोही, हे आम्ही करून पाहिलं आहे. चेंबूरच्या ठक्करबाप्पा कॉलनीत बूट बनवणाऱ्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. मुंबईतल्या कोणाला माप देऊन करून घ्यायचे असतील तर तिथे विचारावं. तळ मात्र रबरी आणि खोबणीचाच सांगावा.

संकोचाचीही गोष्ट आहे. मावशींना मी पहिल्यांदा बूट दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, साडीवर बूट? लोक काय म्हणतील?" मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांच्या सुनेला सोबत घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो. लेस नसलेला, वेल्क्रोचा, साध्या करड्या रंगाचा जोड त्यांनी स्वतः निवडला. साडीचा काठ तळाखाली येत होता, म्हणून कामाच्या वेळी त्या आता साडी थोडी वर खोचतात. निवड त्यांची होती म्हणून तो जोड वापरात राहिला. तुम्ही आणून हातात ठेवलेला बूट कोपऱ्यात पडून राहण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा त्यांना निवडू द्या.

आता शिडीवर काम करणाऱ्यांबद्दल. दुकानांच्या शोकेस, शाळांच्या उंच खिडक्या, बंगल्यांचे वरचे मजले हे लोक पुसतात, आणि नाक्यावरून आणलेले असतील तर ज्या चपलेत येतात त्याच चपलेत चढतात. शिडीच्या बुटाला टाच हवी, म्हणजे तळ सलग सपाट नको. टाचेच्या पुढच्या पायरीत शिडीची पायरी अडकते आणि पाय पुढे घसरत नाही. लेस असेल तर टोकं आत खोचलेली हवीत. शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट बाहेर, हे प्रमाण ठेवा, आणि चढणाऱ्याचे दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत शिडीला लागलेले असू द्या. बादली हातात घेऊन चढायला सांगू नका, ती दोरीने वर द्या. शिडीच्या पायाचे रबरी बूटसुद्धा बघा. माणसाच्या पायात नवे बूट आणि शिडीचे रबर झिजून लोखंड फरशीला लागलेलं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि वर चढायच्या आधी खालची ओली फरशी पुसून घ्या. ओल्या तळाने पायरीवर पाय टाकला तर चांगला बूटही अर्धाच कामाचा.

गमबुटांबद्दल खूप जण विचारतात. जमीन धुवायला ते ठीक आहेत. शिडीवर नकोत. घोट्याशी सैल असतात, आत घामाने पाय घसरतो, आणि पायरी कुठे आहे ते तळव्याला कळत नाही.

उंच इमारतींच्या काचांचं काम या सगळ्याहून वेगळं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांवर, हिंजवडीत, खराडीत, काचेच्या भिंतींवर दोरीने उतरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांचे पाय जमिनीवर नसतात, उभ्या काचेवर टेकलेले असतात. चवड्याने काचेला रेटून ते स्वतःला डावीकडे-उजवीकडे नेतात. त्यांना मऊ रबराचा, काचेचा स्पर्श कळेल असा पातळ तळ लागतो, आणि तो काळे डाग न सोडणारा लागतो, नाहीतर पुसलेल्या काचेवर त्यांच्याच पावलांच्या रेघा उठतात आणि ते पुन्हा वर चढवले जातात. तळाच्या खोबणीत खडी अडकलेली असेल तर काच ओरखडते. त्यासाठी गच्चीवर पोचल्यावर घालायचा स्वच्छ जोड वेगळा असावा. दोरीला टांगलेल्या फळीवर तासन्‌तास बसल्याने मांड्या दाबल्या जातात आणि पायांना मुंग्या येतात. त्यात बूट आवळून बांधलेला असला तर पाऊल बधिर होतं आणि बधिर पावलाला काच लागल्याचं कळत नाही. म्हणून घोट्याशी घट्ट आणि चवड्याशी मोकळा अशी लेस बांधावी. लेसची टोकं सैल लोंबता कामा नयेत, ती दोरीच्या यंत्रात अडकू शकतात. आणि पायातून निसटेल असा बूट तर मुळीच नको. विसाव्या मजल्यावरून सुटलेला बूट खालच्या माणसासाठी दगडासारखा येतो.

मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक पोरांच्या पायात शाळेतल्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट असतात. ते त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले असतात. हलके आणि रबरी तळाचे म्हणून ते निवडतात, त्यात त्यांचा अनुभव आहे, त्यांना नावं ठेवू नका. पण एकदा भिजले की ते दिवसभर भिजलेलेच राहतात. एका मुलाने मला पाय दाखवले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटक पडून फाटल्या होत्या. आपण ज्याला चिखल्या म्हणतो त्याच, फक्त शेतातल्या चिखलाऐवजी साबणपाण्याने झालेल्या. त्याचं वय विशीच्या आतबाहेरच असेल. त्या पायांनी तो दुसऱ्या दिवशी परत लटकणार होता. त्याच्या ठेकेदाराकडे हार्नेस होता, हेल्मेट होतं, ओळखपत्र होतं. बुटांचं नाव कामाच्या कागदात कुठेच नव्हतं, आणि तो कागद आमच्याच सोसायटीने सही करून दिला होता.

म्हणून सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि ऑफिसांच्या व्यवस्थापकांना माझं हात जोडून सांगणं आहे. काचा पुसण्याचं काम देताना करारात बुटांची ओळ घाला. प्रत्येक कामगाराला त्याच्या मापाचे, घसरण-चाचणीची खूण असलेले दोन जोड आणि मोज्यांच्या तीन जोड्या ठेकेदाराने द्याव्यात, आणि त्याची किंमत दरात वेगळी दाखवावी. वेगळी दाखवली की ती स्वस्त निविदेच्या नादात गुपचूप गळत नाही. सर्वांत कमी दराचीच निविदा पास करायचा हट्ट असेल तर हे लक्षात घ्या की ते कमी पैसे बहुधा याच वस्तूंतून वाचवलेले असतात. काम सुरू व्हायच्या सकाळी समितीतल्या एकाने गच्चीवर जाऊन प्रत्येकाचा बूट उलटा करून बघावा. पाच मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. तळ झिजलेला दिसला तर त्या माणसाला घरी पाठवू नका. तो रोजंदारीवर आहे. त्याचा दिवस बुडाला तर पुढच्या वेळी तो झिजलेला तळ लपवेल. काम थांबवा, त्याच्यासाठी बूट मागवा, आणि त्या वेळेची मजुरी द्या. सोसायटीने सहा ते दहा नंबरचा एकेक कोरा जोड कार्यालयात ठेवला तर तेवढ्यापुरतं काम भागतं. मात्र आज एकाने, उद्या दुसऱ्याने असे तेच बूट फिरवत राहू नका. एकाच्या पायाची बुरशी दुसऱ्याला होते. ज्याला दिला, त्याचा तो झाला.

कायद्याचा आधार कितपत आहे, असं मला विचारलं जातं. घरकाम करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात 2008 चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांसाठी. आपल्याकडच्या मावशींची नोंदणी झाली आहे का, हे विचारा आणि नसेल तर करायला मदत करा. पण ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या पायात काय आहे, ते बघायला कोणी निरीक्षक तुमच्या स्वयंपाकघरात येणार नाही. तिथे बघणारे तुम्हीच.

जुने बूट देण्याबद्दल थोडं. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज निघतात आणि "हे घ्या, चांगले आहेत" म्हणून दिले जातात. हेतू चांगला असतो, पण काचेच्या कामासाठी हे करू नका. दोन-चार वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ आपल्या दमट हवेतच कुजत असतो. वरून धड दिसतो आणि पायात घालून चालायला लागलं की भुगा होऊन सुटतो. हे शिडीवर झालं तर? शिवाय वापरलेला बूट पहिल्या माणसाच्या चालीप्रमाणे एका बाजूने झिजलेला असतो. तो दुसऱ्याच्या पायाला तिरकं उभं करतो. जुने बूट फिरायला द्या, कामाला नको.

मोज्यांकडेही दुर्लक्ष होतं. नुसता सुती मोजा पाणी धरून ठेवतो. सुताबरोबर दुसरा धागा मिसळलेले, लवकर वाळणारे मोजे घ्या आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलायला सांगा. बूट वाळवायला आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर रबर कडक होतं आणि चिकटवलेला तळ उकलतो. दोन जोड असले की एक पूर्ण दिवस वाळतो. म्हणून दोन म्हणते. मधुमेह असलेल्या कामगारांची वेगळी काळजी घ्या. त्यांच्या पावलांना टोचलेलं, घासलेलं कधी कधी कळतच नाही. नवा बूट त्यांना पहिल्या दिवशी तासभरच घालायला द्या आणि काढल्यावर पाऊल लाल झालं आहे का ते पाहायला सांगा.

बुटांबद्दल एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर या लेखाचा अर्थ उलटा लागेल. चांगले बूट आणले म्हणून कोणालाही छज्ज्यावर उतरवायचं नाही. खिडकीबाहेर पाय टाकायचा नाही, चौकटीवर उभं राहून बाहेरून हात फिरवायचा नाही, तिसऱ्या मजल्यावर नाही आणि पहिल्यावरही नाही. छज्जा माणसाच्या वजनासाठी आहे असं समजू नका. बाहेरची बाजू लांब दांड्याच्या वायपरने आतून जेवढी पुसता येईल तेवढी पुसा. स्लायडिंगचं दार दोघांनी मिळून आत काढून घेता येत असेल तर तसं करा. उरलेली काच हार्नेस, दोरी आणि शिकलेली माणसं असलेल्या संस्थेकडून पुसून घ्या, किंवा यंदा तशीच राहू द्या. अस्वच्छ काचेतूनही आकाशकंदील दिसतो.

खर्चाचं बोलायचं तर कामाचा धड, चिन्हांकित जोड साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो, काही त्याहून स्वस्त, काही महाग. एका मजल्यावरच्या चार घरांत मिळून एक मावशी येत असतील तर चौघांनी मिळून आणा, पण जोड प्रत्येक घरात वेगळा ठेवा. ज्यांना हे परवडत नाही अशीही घरं आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी एवढंच करावं. खिडकी स्वतः पुसावी किंवा मावशींना जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढीच पुसायला सांगावी.

आमच्या मावशींचं मनगट थंडीत अजून दुखतं. परवा त्या म्हणाल्या, "वहिनी, त्या आधीच्या बायांनाही सांगा ना, ज्यांनी मला काढलं." सांगायला मी गेले होते. एकीने मावशींच्या जागी आलेल्या बाईसाठी बूट आणले आहेत. दुसरीने अजून नाही. मी परत जाणार आहे.

तुम्हीही आज संध्याकाळी, काम आटोपून घरी निघालेल्या बाईला किंवा गेटवरच्या सफाईच्या पोराला दोन मिनिटं थांबवा. चहा द्या. जाड कागद जमिनीवर ठेवा, दोन्ही पायांचे आकार काढून घ्या, पाठीमागे तारीख लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. दुकानं साडेआठ-नऊपर्यंत उघडी असतात.